पक्षकार कोठडीत, फी देणारा बाहेर: या कोंडीतून वकिलाने कसे सुटावे?

काळा_डगला (धागाकर्ता)

नमस्कार. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी कामे पाहणारा वकील आहे. सनद मिळून नऊ वर्षे झाली. पहिली पाच वर्षे एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून गेली आणि गेली चार वर्षे स्वतंत्र टेबल आहे. ‘स्वतंत्र’ हा शब्द मी जपून वापरतो, कारण या काळातले बहुतेक दिवस बार रूममध्ये बसून दुसऱ्यांच्या मॅटरमध्ये तारखा घेण्यात गेले.

दोन वर्षांपूर्वी खंडणीच्या गुन्ह्यात अटक झालेल्या एका तरुणाचे रिमांडचे काम माझ्याकडे आले. नातेवाईक म्हणून जो गृहस्थ आला होता त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. जामीन झाला आणि त्याच संध्याकाळी फी रोख हातात पडली, तीही न मागता. ज्यांनी वकिली केली आहे त्यांना ‘न मागता’ या दोन शब्दांचे मोल वेगळे सांगायला नको. त्यानंतर त्याच्या माणसांची कामे एकामागून एक येत गेली. कार्यालयाच्या जागेची अनामत भरायची वेळ आली तेव्हा तीही त्यानेच भरली आणि ‘पुढच्या फीमधून वळती करा’ असे सांगितले. त्याचा कागद मी केला नाही.

आता एका गुन्ह्यात दोन आरोपी आहेत आणि दोघांचाही वकालतनामा माझा आहे. एक भाऊचा जुना माणूस आहे, तर दुसरा जेमतेम विशीतला मुलगा आहे. त्या मुलाचे हित एका बाजूला आणि भाऊचे दुसऱ्या बाजूला आहे, एवढे मला स्पष्ट दिसते. दरम्यान भाऊने तीन कामे सांगितली आहेत. दोषारोपपत्राच्या नकलेत एका साक्षीदाराचा पत्ता असेल, तो काढून द्यायचा. मुलाला तुरुंगात भेटून ‘समजावून’ सांगायचे. आणि जामिनासाठी त्याने आणलेल्या दोन माणसांची ओळख मी पटवायची. यांतले एकही मी अजून केलेले नाही. मात्र तीन आठवड्यांपूर्वी त्याचा एक पोऱ्या ‘दोन दिवस राहू द्या’ म्हणून एक बंद पाकीट ठेवून गेला, ते कार्यालयाच्या कपाटात तसेच पडून आहे. आत मोबाइल आहे, असे हाताला लागते.

मला यातून बाहेर पडायचे आहे. पैसे फिटलेले नाहीत आणि घरी काही सांगितलेले नाही. कायदा मला ठाऊक नाही असे नाही, पण स्वतःचे मॅटर आले की कलमे आठवत नाहीत.

रोजनामा

पहिली सूचना अशी, की पक्षकाराने मुलाखतीत सांगितलेला एकही शब्द इथे लिहू नका. तुम्ही तो लिहिलेला नाही, हे बरे केले. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३२ (म्हणजे जुन्या १८७२ च्या कायद्यातले कलम १२६) पक्षकाराच्या संमतीवाचून त्याचे बोलणे उघड करण्यास वकिलाला मनाई करते आणि ही मनाई काम संपल्यावरही सुटत नाही. ठिकाण, गुन्ह्याचा प्रकार, आरोपींची वये यांपैकी जे खरे असेल ते संपादित करून बदलावे.

आता मुद्द्याकडे. तुमचा पक्षकार नेमका कोण, हा प्रश्न तुम्ही दोन वर्षे स्वतःला विचारलेला दिसत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील सहाव्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात व्यावसायिक आचरणाचे नियम आहेत. त्यातला नियम १९ सांगतो, की वकिलाने आपला पक्षकार किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांच्याखेरीज कोणाच्याही सूचनेवरून वागू नये. फी कोणी दिली याने पक्षकार ठरत नाही. बाप मुलाची फी देतो, मालक नोकराची देतो, त्यात वावगे काही नाही. परंतु फी देणारा सूचना देऊ लागला आणि त्या सूचना कोठडीतल्या माणसाच्या हिताविरुद्ध जाऊ लागल्या, की त्या माणसाला वकील उरलेलाच नसतो. वकालतनाम्यावर सही तुमची आहे आणि काम मात्र दुसऱ्याच कोणाचे चालले आहे.

जामीनदारांविषयी तर नियम १० पुरेसा स्पष्ट आहे. वकिलाने पक्षकारासाठी स्वतः जामीन राहू नये आणि जामीनदाराच्या ऐपतीची खात्रीही देऊ नये. बनावट शिधापत्रिका आणि बनावट ऐपतीचे दाखले घेऊन तेच ते चेहरे निरनिराळ्या न्यायालयांत उभे राहतात, हे कोणत्याही फौजदारी न्यायालयाच्या कारकुनाला ठाऊक असते. जामीनदाराने आपण आणखी किती आरोपींसाठी उभे आहोत ते जाहीर करावे, ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४४१-क म्हणून घालावी लागली, ती उगीच नव्हे. भाऊ तुमच्याकडे मागतो आहे ती फक्त एक सही आहे, पण उद्या ते जामीनदार खोटे निघाले तर त्या कागदावर ओळखता येईल असे नाव एकच असेल, ते तुमचे.

तिऱ्हाईत

मी वकील नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. खंडणीच्या गुन्ह्यातला माणूस रोख पैसे देतो तेव्हा ते कुठून आले, हा विचार तुमच्या मनात आला नसेल, हे पटत नाही. अनामत भरून घेताना संकोच वाटला नाही आणि आता पाकीट कपाटात आल्यावर भीती वाटते. मुळात अशा लोकांचा बचाव करायचाच कशाला? डॉक्टरला रोगी निवडता येत नाही हे खरे, पण वकिलाला तर काम नाकारता येते ना?

सौदामिनी

तिऱ्हाईत, तुमच्या प्रतिसादातला पहिला भाग धागाकर्त्याने सोसावा असाच आहे. दुसरा भाग मात्र चुकीचा आहे, आणि तो तसाच राहू दिला तर धागाकर्ता नेमका कशात चुकला हे कोणालाच कळणार नाही.

संविधानाच्या अनुच्छेद २२(१) नुसार अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकडून बचाव करून घेण्याचा हक्क आहे. बार कौन्सिलचा नियम १५ सांगतो, की आरोपी दोषी आहे की नाही याविषयी वकिलाचे व्यक्तिगत मत काहीही असो, त्याने बचाव केला पाहिजे, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये असे मानणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा आहे. काही बार असोसिएशन ‘अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये’ असे ठराव करत असत. ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये असे ठराव बेकायदा आणि शून्यवत ठरवले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, ११ तारखेला, शाहिद आझमी यांना मुंबईत त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालण्यात आल्या होत्या. ते २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारीचे वकील होते. पुढे मे महिन्यात विशेष न्यायालयाने अन्सारीची त्या खटल्यातून निर्दोष मुक्तता केली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. बचाव करणाऱ्याला किंमत मोजावी लागते ती अशी, आणि ती मोजणाऱ्याचे नाव भाऊच्या पोऱ्याचे पाकीट सांभाळणाऱ्याच्या पंक्तीला बसवू नये.

आता उलट बाजू पाहा. दिल्लीतल्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या खटल्यात आर. के. आनंद हे नामवंत ज्येष्ठ वकील बचावपक्षाचे होते. सुनील कुलकर्णी या साक्षीदाराशी संधान बांधून त्याची साक्ष फिरवण्याचा प्रयत्न झाल्याचे एका वाहिनीने मे २००७ मध्ये छुप्या चित्रीकरणातून दाखवले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले, चार महिने न्यायालयात उभे राहण्यास मनाई केली आणि दोन हजार रुपये दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो दोष कायम ठेवला. शिक्षा लहान वाटते, परंतु आज त्या माणसाची सारी कारकीर्द त्या चित्रफितीवरूनच आठवली जाते.

धागाकर्त्याला सांगितलेले साक्षीदाराच्या पत्त्याचे काम याच वाटेचे पहिले पाऊल आहे. नक्कल तुम्हाला मिळते ती उलटतपासाची तयारी करता यावी म्हणून. त्या कागदातला पत्ता पक्षकार नसलेल्या माणसाच्या हाती गेला, की तो बचावाच्या कामाचा भाग उरत नाही. नियम ४ प्रमाणे गैरमार्ग वापरण्याचा हट्ट धरणाऱ्या पक्षकाराचेही काम वकिलाने नाकारले पाहिजे, आणि इथे तर हट्ट धरणारा पक्षकारही नाही.

निवृत्त_खाकी

मी तपास केलेला माणूस आहे, त्यामुळे तुमचे प्रकरण पलीकडच्या टेबलावरून कसे दिसते तेवढेच सांगतो.

टोळीच्या गुन्ह्यात आम्ही संपर्काच्या नोंदी काढतो, तेव्हा वकिलाचा क्रमांक असणारच हे गृहीत धरलेले असते. अटकेच्या रात्री आलेला फोन, रिमांडच्या सकाळचा फोन, तारखेच्या आदल्या दिवशीचा फोन यांत शंका घेण्यासारखे काही नसते. शंका येते ती तारीख नसताना, अटक नसताना, पण एखादा साक्षीदार भेटल्याच्या किंवा धमकावला गेल्याच्या दिवशी झालेल्या बोलण्याची. त्या नोंदीत वकील टोळीचा माणूस दिसू लागतो. त्याने प्रत्यक्षात फक्त ‘नाही जमणार’ असे सांगितलेले असले तरी नोंदीत फक्त कालावधी असतो, उत्तर नसते.

१९९९ च्या मोक्का (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण) कायद्यात ‘साहाय्य’ या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. संघटित गुन्हेगारी टोळीला मदत करणाऱ्या माणसाशी तो तसा आहे हे ठाऊक असताना संपर्क किंवा संबंध ठेवणे, टोळीला उपयोगी पडेल अशी माहिती कायदेशीर अधिकाराशिवाय पोचवणे, पैशाने किंवा अन्य प्रकारे मदत करणे, हे सारे तीत येते. कलम ३(२) खाली किमान पाच वर्षे ते जन्मठेप आणि किमान पाच लाख रुपये दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्येही संघटित गुन्ह्याला जाणूनबुजून साहाय्य करणाऱ्यासाठी जवळपास हेच मोजमाप आहे. न्यायालयांनी या रुंदीला आवर घातला आहे, हेही सांगितले पाहिजे. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात मुंबईचे माजी पोलीस आयुक्त रणजितसिंग शर्मा यांच्या जामिनाचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले, की नुसत्या संपर्काने साहाय्य ठरत नाही, त्यामागे गुन्ह्याशी जोडणारा हेतू दिसला पाहिजे. पण तो निर्णय आला तेव्हा माजी आयुक्त तुरुंगात होते. कायद्याचा अर्थ शेवटी तुमच्या बाजूने लागेल, हे समाधान कोठडीत फारसे उपयोगी पडत नाही.

मोबाइलबद्दल: चालू करू नका, पाकीट उघडू नका, भाऊला परत देऊ नका. तो गुन्ह्यात वापरलेला निघाला आणि तुमच्याकडून परत जाऊन नाहीसा झाला, तर पुरावा नष्ट केल्याचे कलम २३८ तुमच्यावर येईल. सरळ पोलीस ठाण्यात जाऊन जमा करा, पंचनामा करून घ्या.

रोजनामा

खाकीसाहेबांच्या पहिल्या तीन ‘नका’शी मी सहमत आहे. चौथ्या सूचनेशी मात्र नाही. वकिलाने स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात जाऊन वस्तू देणे म्हणजे ती कुठून आली, कोणी दिली, तेव्हा काय बोलणे झाले, या प्रश्नांना एकट्याने तोंड देणे होय. त्यातला एखादा प्रश्न पक्षकाराच्या गोपनीयतेत शिरला की परत फिरता येत नाही.

वस्तू आणि संभाषण यांत फरक आहे. कलम १३२ चे संरक्षण पक्षकाराने व्यवसायाच्या ओघात सांगितलेल्या गोष्टींना आहे. बेकायदेशीर उद्देश पुढे नेण्यासाठी केलेल्या संभाषणाला ते नाही, आणि वकीलपत्र घेतल्यानंतर गुन्हा किंवा फसवणूक घडल्याचे वकिलाच्या नजरेस आले तर त्या वस्तुस्थितीलाही नाही. हा अपवाद जुना आहे. इंग्लंडमधल्या कॉक्स आणि रेल्टन यांच्या १८८४ च्या खटल्यापासून तो वकिलांना शिकवला जातो. दुसरीकडे, तपास यंत्रणांनी वकिलांना समन्स पाठवण्याची प्रथा वाढली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयात सांगितले, की या अपवादांत प्रकरण बसत असेल तरच, आणि तेही किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या वरिष्ठाने कारणे लेखी नोंदवून मान्यता दिल्यावरच, पक्षकाराच्या कामाबाबत वकिलाला बोलावता येईल. वकिलाकडचे डिजिटल उपकरण मागवायचे तर ते न्यायालयापुढेच हजर करायचे आहे. त्या निर्णयातील सूचना वकिलाच्या स्वतःच्या उपकरणाविषयी आहे, तुमच्या कपाटातले दुसऱ्याचे आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणत नाही. पण त्यातून मार्ग सुचतो. तुम्ही स्वतःसाठी वकील करा. त्याच्यामार्फत, मोहोरबंद स्थितीत, अर्जासह वस्तू न्यायालयापुढे जाऊ द्या. बोलायचे ते तुमच्या वकिलाने बोलावे.

एक विचारतो: पाकीट ठेवणारा तुमचा पक्षकार होता का?

काळा_डगला

नव्हता. कोणत्याच प्रकरणात नव्हता. चहा पिऊन गेला, एवढीच त्याची माझी ओळख.

तिऱ्हाईत यांना उत्तर देणे लागतो. विचार मनात आला होता. दर वेळी आला होता. फी ही फी असते, ती कोणत्या खिशातून आली हे पाहणे माझे काम नव्हे, असे मी स्वतःला सांगत होतो, आणि पहिल्या दोन कामांपुरते ते खरेही होते. पुढे मी त्याचे फोन जेवताना घेऊ लागलो, दुसऱ्या पक्षकाराच्या तारखा त्याच्या सोयीने मागू लागलो. हे सगळे फीच्या बाहेरचे होते आणि मला ते कळत होते.

जमाखर्च

पैशांचे कोडे बहुतेक जण शेवटी सोडवतात, तुम्ही ते आधी सोडवा, कारण भाऊचा हात तिथेच अडकलेला आहे.

अनामतीची रक्कम फीची आगाऊ उचल होती की उसनवारी, हे कागदावर नसल्यामुळे तो आज एक म्हणेल आणि उद्या दुसरे. आयकर कायद्याप्रमाणे (जुन्या १९६१ च्या कायद्यात कलम २६९-एसएस) वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीत घेता येत नाही आणि ते रोखीत फेडताही येत नाही (त्याच जुन्या कायद्यात कलम २६९-टी). म्हणजे घाबरून नोटांचे पुडके नेऊन दिलेत तर आणखी एक चूक होईल आणि पुरावाही राहणार नाही. फीची आगाऊ रक्कम असेल तरी एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारण्यास मनाई आहे (जुने कलम २६९-एसटी), आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतकाच असतो. केलेल्या कामांची बिले आता तरी तयार करा, फी वजा जाता उरलेली रक्कम लेखी पत्राने मान्य करा आणि बँकेतून परत करा. एकदम जमत नसेल तर हप्त्यांनी, पण प्रत्येक हप्ता खात्यातून गेला पाहिजे.

जाता जाता: मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायद्याच्या मे २०२३ च्या अधिसूचनेत पक्षकारांच्या वतीने ठराविक आर्थिक व्यवहार करणारे चार्टर्ड अकाउंटंट आणि कंपनी सेक्रेटरी आले, वकिलांचे नाव त्यात नाही. यावरून वकिलांना तो कायदाच लागू नाही, असा समज बार रूममध्ये पसरलेला मी ऐकला आहे. तो चुकीचा आहे. गुन्ह्याचा पैसा जाणीवपूर्वक हाताळणाऱ्या कोणालाही कलम ३ लागू होते; अधिसूचना फक्त नोंदी ठेवण्याच्या आणि कळवण्याच्या कर्तव्याविषयी आहे.

सौदामिनी

त्या मुलाविषयी अजून कोणीच बोललेले नाही.

धागाकर्त्याने वकीलपत्र सोडले, की दुसऱ्या दिवशी भाऊ नवा वकील आणेल आणि मुलगा पुन्हा तिथेच असेल. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. दोघांचे हित परस्परविरोधी आहे हे कळल्यावर एकाला सोडून दुसऱ्याला ठेवता येणार नाही, कारण दोघांचीही गुपिते तुमच्याजवळ आहेत. नियम १२ प्रमाणे पुरेसे कारण आणि वाजवी पूर्वसूचना लागते आणि न कमावलेली फी परत करावी लागते. सूचना पक्षकाराला द्यायची आहे, भाऊला नव्हे. म्हणजे तुरुंगात जाऊन, मुलाखतीत, त्याला स्वतः सांगायचे आहे. ती मुलाखत तुरुंग अधिकाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर होते, हे त्या मुलालाही सांगा. पुष्कळ कैद्यांना ते ठाऊकच नसते. कोठडीत असलेल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, आणि तो मागण्यासाठी बाहेरच्या कोणाची परवानगी लागत नाही. इतके सांगून थांबा. माफीचा साक्षीदार व्हायचे की नाही, दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब द्यायचा की नाही, हा सल्ला तुमच्या तोंडून आता जाऊ नये. तो नव्या वकिलाने द्यावा.

पर्सिसमध्ये, म्हणजे न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनात, कारण लिहू नका. ‘व्यावसायिक अडचणीमुळे’ एवढे पुरे. मनातला सगळा राग पर्सिसमध्ये ओतलेले वकील मी पाहिले आहेत. त्यांच्या पक्षकाराचे नुकसान त्या एका कागदाने झाले. आणि कागदपत्रे अडवून ठेवू नका. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराच्या कागदांवर हक्क सांगता येत नाही, हे आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवले आहे.

मी स्वतः आता विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव पक्ष वकील योजनेत काम करते. पगार थोडा आहे, पण दर महिन्याला येतो आणि देणाऱ्याचा फोन जेवताना येत नाही.

नवी_सनद

मला सनद मिळून दोन वर्षे झाली. धागा वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून लिहितो आहे. ज्युनिअरला शहरात दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती शिफारसच आहे, बंधन नाही. माझ्या वरिष्ठांनी मला ते परिपत्रक स्वतः वाचून दाखवले आणि हसले. असा एखादा भाऊ माझ्याही टेबलाशी येऊन बसला तर मी काय करीन, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. काळा_डगला यांना विचारायचे आहे, की नेमक्या कोणत्या दिवशी ‘नाही’ म्हटले असते तर सोपे गेले असते?

निवृत्त_खाकी

तोवर सुरक्षिततेचे पाहा. जानेवारी २०२४ मध्ये राहुरीत एका वकील दाम्पत्याचा खून झाला. पैशांसाठी त्यांचे अपहरण करणाऱ्यांत त्यांचाच एक पक्षकार होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. राजस्थान आणि कर्नाटक या राज्यांनी २०२३ मध्ये वकिलांच्या संरक्षणाचे कायदे केले. राहुरीनंतर आपल्याकडेही तशा कायद्याची मागणी मोठ्याने झाली. कायद्याची वाट न पाहता पोलीस अधीक्षकांना एक लेखी अर्ज द्या. भाऊ पक्षकार नाही, त्यामुळे त्याने दिलेली धमकी गोपनीय नाही. बार असोसिएशनच्या अध्यक्षांना प्रत द्या. घरी सांगा. घरच्यांना ठाऊक नसते तेव्हा दारात आलेल्या माणसाला चहा दिला जातो.

काळा_डगला

सात आठवड्यांनी लिहितो आहे. विचारणाऱ्या सर्वांचा आभारी आहे.

माझ्या जुन्या ज्येष्ठ वकिलांकडे गेलो. त्यांनी एक तास काहीही न बोलता ऐकले आणि माझ्याकडून वकालतनाम्यावर सही घेतली. माझ्या नावाने वकालतनामा भरताना ‘अर्जदार’ या शब्दापुढे स्वतःचे नाव लिहायला हात धजत नव्हता. पाकीट त्यांच्यामार्फत अर्जासह न्यायालयात गेले. त्याविषयी पुढे लिहिता येणार नाही.

मुलाला तुरुंगात भेटलो. सौदामिनी यांनी सांगितले तेवढेच बोललो. ‘भाऊला विचारले का?’ असे त्याने दोनदा विचारले. पर्सिस दिली त्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला तुरुंगातून व्हिडिओवर विचारले, की खासगी वकील करणार की सरकारी हवा. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग ‘सरकारी’ म्हणाला. न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत, म्हणजे रोजनाम्यात, तेवढी एक ओळ आली. दुसऱ्या आरोपीसाठी त्याच दुपारी दुसऱ्या वकिलांनी वकालतनामा दाखल केला. मी ना हरकत दिली आणि कागद पावती घेऊन सोपवले.

नवी_सनद यांना: अनामतीच्या दिवशी. त्याआधी तो मला पैसे देणे लागत होता. त्या दिवसापासून मी त्याचे देणे लागू लागलो. ती जागा नाकारून आणखी एक वर्ष बार रूममध्ये बसता आले असते.

भाऊ एकदा कार्यालयात येऊन गेला. आवाज चढवला नाही. ‘वकीलसाहेब, तुम्ही शिकलेले लोक’ एवढेच म्हणाला आणि खुर्ची सरकवून ठेवून गेला. अधीक्षकांकडे दिलेल्या अर्जात मी हे वाक्य तारीख आणि वेळेसह लिहिले आहे. त्यात धमकी कुठे आहे, असे मला तिथे विचारण्यात आले. जागा सोडली आहे. अनामत परत मिळाली ती जशीच्या तशी बँकेतून त्याच्या खात्यावर वळती केली. उरलेल्या रकमेचे तीन हप्ते गेले आहेत, अजून आठ आहेत. प्रत्येक हप्त्यासोबत स्पीड पोस्टाने पत्र पाठवून पावती मागतो. पोच येते, पावती अजून एकाचीही आलेली नाही.

जमाखर्च

पावती येणार नाही. खात्याचा उतारा दर महिन्याला बँकेच्या शिक्क्यासह काढून ठेवा, आणि पोचेचे कागद त्यालाच टाचा.